आपला नम्र, पुन्हा एकदा

दिवाळी आणि विधानसभा यांचे आमच्या राज्यात काय साटेलोटे आहे कोण जाणे! २००९ साली १३ ऑक्टोबरला मतदान झाले, १७ तारखेला लक्ष्मीपूजन आले आणि मोजणी २२ला. म्हणजे उमेदवारांनी त्या वर्षी करंज्या खाल्ल्या त्या घशाखाली उतरल्या असतील असे मला वाटत नाही. २०१४ साली निकाल लागून चार दिवसांनी लक्ष्मीपूजन, २०१९ साली तीन दिवसांनी. आणि २०२४ साली तर कहर झाला. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीला आला! आम्ही घरी धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवीत होतो आणि तिकडे इच्छुक मंडळी अर्ज घेऊन धावत होती. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, माघार घेण्याची मुदत संपली. मतदान २०ला. सारी दिवाळी कर्ण्याच्या आवाजात गेली. फटाक्यांचा आवाज आणि घोषणांचा आवाज यांत फरक एवढाच, की फटाका वाजून एकदा गप्प होतो.

आमच्या सौ.चे म्हणणे असे, की या योगायोगाचा गृहिणीला फायदाच आहे. त्या वर्षी आमच्या घरी उटणे विकत आणावे लागले नाही. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, पण त्याच्या आतच तीन पक्षांची तीन पाकिटे दारात येऊन पडली होती. प्रत्येक पाकिटावर एकेक हसरा चेहरा, जोडलेले हात आणि खाली ‘आपला नम्र’. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिन्ही पक्षांचे उटणे एका वाटीत कालवून अंगाला लावले. वास एकच होता.

‘आपला नम्र’ हे शब्द मला फार दिवस छळीत आले आहेत. जो प्रथमच उभा आहे तो नम्र असणारच. त्याला दुसरा इलाज काय? पण जो गेली पाच, दहा, पंधरा वर्षे निवडून येत आहे आणि पुन्हा मत मागतो आहे, त्याच्या नम्रतेची जात वेगळी. अशा उमेदवाराला वर्तमानपत्रे ‘विद्यमान’ म्हणतात. या विद्यमान गृहस्थाने मत कशाच्या बळावर मागावे आणि आपण ते कशाच्या बळावर द्यावे, हा प्रश्न त्या दिवाळीत आमच्या घरात असा काही पेटला, की चकलीचे तेल तापायचे राहिले आणि माणसे तापली.

पण आधी आमचे गाव सांगतो. ठाण्याच्या जुन्या माणसाला माजिवडा म्हणजे गावाबाहेर. तीस वर्षांमागे आम्ही नौपाड्यातून इकडे बिऱ्हाड हलवले, तेव्हा सौ.च्या माहेरची माणसे विचारीत, ‘तिकडे रिक्षा येते का हो?’ आता नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता जिथे फुटतो त्या नाक्यावर रिक्षा येतात, बस येते, मालमोटारी येतात; फक्त कोणी पुढे जात नाही. जुने गावठाण अजून आहे. त्याच्या भोवती मनोरे उभे राहिले आणि डोक्यावरून मेट्रोचे खांब गेले. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा आमच्या गावाचे नाव घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्याला जोडून ‘ओवळा-माजिवडा’ असा नवा विधानसभा मतदारसंघ तयार झाला. त्यात मिरा-भाईंदरचाही काही भाग आहे. तेव्हा खाडीच्या अंगाचा आमचा माणूस आणि तिकडचा भाईंदरचा माणूस एकाच आमदाराला मत देतो. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते.

या मतदारसंघाची गंमत अशी, की त्याने जन्मापासून एकच आमदार पाहिला आहे. श्री. प्रताप सरनाईक २००९ला निवडून आले, २०१४ला आले, २०१९ला आले आणि २०२४लाही आले. पैकी २०१४ साली शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष वेगवेगळे लढले. तेव्हा गाडे अडते की काय असे वाटले होते. भाजपचे संजय पांडे यांच्यावर त्यांनी सुमारे अकरा हजारांनी मात केली. पुढच्या खेपेला, दोन्ही पक्ष एकत्र असताना, हा आकडा ऐंशी हजारांच्या वर गेला आणि २०२४ साली उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे नरेश मणेरा यांच्याविरुद्ध तो एक लाखाच्या पलीकडे गेला. त्याच डिसेंबरात सरनाईक परिवहनमंत्री झाले. तेव्हा आमच्याकडे जी मुले २०२४ला पहिल्यांदा मत द्यायला गेली, त्यांनी ‘माजी आमदार’ हा प्राणी आपल्या मतदारसंघात कधी पाहिलेलाच नव्हता.

मात्र विद्यमान असले म्हणजे गादी पक्की असे ठाणेकरांच्या बाबतीत समजू नये. त्याच वर्षी, सहाच महिने आधी, लोकसभेला आमचे विद्यमान खासदार राजन विचारे, २०१४ आणि २०१९ असे दोनदा निवडून आलेले, नरेश म्हस्के यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. आणि दोघेही २०२२ सालच्या फुटीपूर्वी एकाच पक्षाचे! म्हणजे त्या फुटीनंतर ठाण्यात विद्यमान कोण आणि विरोधी कोण हे मतदाराला चिन्ह पाहूनच ठरवावे लागे. धनुष्यबाण इकडे गेला, मशाल तिकडे आली आणि माणसे मात्र त्याच गल्ल्यांतून, त्याच दारांवर.

आता आमच्या घरचे प्रकरण.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. आमच्या सासूबाई आमच्याकडेच असतात. तेव्हा त्यांना ऐंशी पुरी झालेली. एका रात्री त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा नव्वदच्या खाली उतरला तो उतरतच गेला. मी फोनवर फोन केले. सगळीकडून एकच उत्तर, ‘खाट नाही.’ रात्री साडेबाराला सौ.ने मुकाट्याने दार उघडले आणि खाली गावठाणातल्या दोन पोरांना हाक घातली. दोघे एकाच मंडळाचे, एकाच पक्षाचे कार्यकर्ते, एकाच गोविंदा पथकातले. थोरला तळच्या थरात खांदा देणारा, धाकटा वर चढणारा. आमच्या घरात त्यांना थोरला आणि धाकटा असेच म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हणतो. पाऊण तासात ते रुग्णवाहिका घेऊन आले. तीन रुग्णालयांच्या दारांवरून आम्ही परत फिरलो. चौथ्या दारात थोरल्याने कोणाचे पाय धरले, धाकट्याने कोणाशी भांडण केले, मला काही कळले नाही. पहाटे तीनला खाट मिळाली. मला आत सोडले नाही, तेव्हा तो सबंध वेळ ही दोन पोरे फाटकापाशी माझ्याबरोबर उभी होती. सतराव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. मी पैशाचे पाकीट पुढे केले तर थोरला रागावला. म्हणाला, “काका, आजी आमच्या नाहीत का?”

त्या वर्षीच्या भाऊबीजेपासून आमची मुलगी दोघांना ओवाळू लागली. २०२२च्या जूनमध्ये पक्ष फुटला. थोरला इकडे राहिला, धाकटा तिकडे गेला. दोघांनीही आपापली कारणे मला सांगितली आणि मला दोघांचीही पटली. त्यापुढच्या दोन भाऊबीजांना एक सकाळी आला, दुसरा संध्याकाळी.

आणि २०२४च्या वसुबारसेला थोरला धनुष्यबाणाचे पत्रक घेऊन आला, दुसऱ्या दिवशी धाकटा मशालीचे. दोघांनी पत्रक माझ्या हातात दिले, चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि उंबऱ्याबाहेर चपला घालताना दोघेही, शब्दाशब्दाने तेच, हळूच म्हणाले, “काका, ती रात्र आठवते ना?”

वाचकहो, मला त्या रात्री झोप आली नाही. कारण ती रात्र मला आठवत होती.

सकाळी मी हा पेच सौ.पुढे मांडला. ती भाजणी मळीत होती. म्हणाली, “ऋण असेल तर दोघांचं आहे. आता अर्धं मत कसं द्यायचं ते तुम्हीच शोधून काढा. हिशेबनीस होतात ना?” मुलगी म्हणाली, “बाबा, ते दोघं कुठं उभे आहेत? उभे आहेत ते दुसरेच. रुग्णवाहिका यांनी आणली आणि मत त्यांना का?” मी म्हटले, “अगं, पण यांच्या पाठीशी पक्ष होता म्हणूनच रुग्णवाहिका आली.” ती म्हणाली, “मग तर पक्ष एकच होता.” यावर मला उत्तर सुचले नाही.

इतक्यात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी तोंड उघडले. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार त्यांच्या खात्यात येत होते. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमचं आपलं रात्रीचं काय ते असेल. माझ्या पोराची फी गेली त्यातून. मी कशाला दुसरीकडं बघू?” मी त्यांना समजावू लागलो, की हा पैसा कोणी आपल्या खिशातून देत नाही, तो सरकारच्या तिजोरीतला, म्हणजे तुमचा आमचाच. त्या म्हणाल्या, “व्हय, पण इतकी वर्सं माझा मला कोणी दिला नव्हता.” मी गप्प बसलो. पगारी माणसाने असल्या बाबतीत फार तत्त्वज्ञान सांगू नये.

आमचा एक पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. लक्ष्मीपूजनाला त्याचा फोन आला, तर तिकडेही तेच! अमेरिकेतल्या वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. तिथे प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, मुदत सहा वर्षांची. पुतण्याच्या टेक्सास राज्यात टेड क्रूझ हे विद्यमान सिनेटर तिसऱ्यांदा मत मागत होते आणि मतदान होते ५ नोव्हेंबरला, म्हणजे आमची भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी. ते निवडूनही आले. पुतण्या म्हणाला, “काका, इथं उटणं-बिटणं काही मिळत नाही. उलट दोन्ही बाजूंकडून रोज मोबाइलवर निरोप येतो, पाच डॉलर पाठवा.” हे ऐकून सौ.ला फार आश्चर्य वाटले. उमेदवाराने मतदाराकडे पैसे मागायचे ही कल्पना तिला, खरे सांगायचे तर, जरा अपमानाची वाटली.

पण त्यांची एक पद्धत मला आवडली. तिथे विद्यमान माणसाला आधी आपल्याच पक्षाच्या सामान्य मतदारांकडून पसंती घ्यावी लागते. आमच्याकडे तिकीट कोणाला हे चार थोर माणसे बंद दाराआड ठरवतात. विद्यमानाची खरी निवडणूक तिथेच होते आणि ती आपल्याला दिसत नाही. २०१० साली अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की या घरच्या निवडणुकीत आपल्याच पक्षात हरल्या. बाई घरी बसल्या नाहीत. मतपत्रिकेवर छापलेले नाव नसताना, लोकांनी ते आपल्या हाताने लिहावे असा प्रचार करून त्या निवडून आल्या. आणि नाव काय, तर मर्कोव्स्की! आमच्याकडे जोशी-पाटील बिनचूक लिहून घ्यायचे तरी पुष्कळ मते बाद होतील.

असो. घरचा वाद मिटला नव्हता आणि तो मिटवायला पुढे आल्या त्या सासूबाई. मिटवायला म्हणजे, वाढवायला.

सासूबाईंची एक सवय आहे. निवडणुकीत येणारी पत्रके त्या टाकीत नाहीत. कागद जाड, गुळगुळीत, पुसला तर स्वच्छ होतो. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांच्या खाली त्या तो अंथरतात. दिवाळीच्या साफसफाईत डबे खाली आले, तेव्हा वरच्या थरात २०१९चे उमेदवार निघाले आणि त्यांच्या खाली, तेलकट झालेले, २०१४चे. सगळ्या पक्षांचे. सासूबाईंनी चष्मा लावला आणि फळीपाशीच स्टुलावर बसून ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाणी. घोडबंदरची वाहतूक. मेट्रो. पुढचा कागद: वाहतूक. मेट्रो. पाणी. त्याखालचा: पाणी. रस्ते. नंतर त्यांनी खुर्चीवरचे २०२४चे दोन्ही ताजे कागद मागून घेतले आणि तेही वाचले. मेट्रो. वाहतूक. पाणी.

“यांतला एक खरा केला असता,” त्या म्हणाल्या, “तर पुढच्या वेळी कागदावर जागा उरली असती.”

आता इथे आमच्या आमदारांना, आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांनाही, न्याय दिला पाहिजे. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रोची चौथी मार्गिका सरकारने २०१६ साली मंजूर केली. बत्तीस किलोमीटरचे ते काम एमएमआरडीएचे. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखाच्या बाजूला चाचणीची गाडी धावली तेव्हा श्रेय घ्यायला पुष्कळ जण होते. मधली वर्षे रस्ता अडला तेव्हा मात्र ते काम ‘खात्याचे’ होते. नळाचे पाणी महापालिकेचे. गटार महापालिकेचे. पण ठाणे महापालिकेची शेवटची निवडणूक २०१७ साली झाली होती आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर २०२४च्या विधानसभेपर्यंत पालिकेत लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, प्रशासक होता. मग गटार तुंबले की लोक जायचे कोणाकडे? आमदाराकडे. आमदारही जातीने लक्ष घालणार, कारण पुढे मत मागायचे आहे. आमदार निधी २०२२ साली वर्षाला ५ कोटी झाला. त्यातून बाक आले, व्यायामशाळा आल्या, प्रवेशद्वारे आली आणि प्रत्येकावर ‘यांच्या निधीतून’ अशी पाटी आली. ‘यांच्या’ या शब्दावर सौ. नेहमी अडखळते. ती म्हणते, “आमच्या भिशीचे पैसे मी वाटले तर मी पाटी लावते का?”

आणि आमदाराचे जे खरे काम, ज्यासाठी २८८ माणसे मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला जमतात, कायदे करणे, राज्याचा अर्थसंकल्प तपासणे, मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारणे, त्याचे एक अक्षर आमच्या फळीवरच्या कोणत्याही थरात नव्हते. २०१४ला नव्हते, २०१९ला नव्हते. कोणाच्याच पत्रकात नव्हते. ते लिहिले तर मत मिळत नाही, अशी सर्वांची खात्री असली पाहिजे. बहुधा ती खरीही असेल.

हे आजचे नव्हे. आमच्या ठाण्याचे एक जुने खासदार रामभाऊ म्हाळगी. १९७७ साली जनता पक्षाच्या लाटेत निवडून आले. लाटेत कोणीही येतो. पण १९८० साली देशभर ती लाट उलटली, इंदिरा गांधी परत आल्या, बडी बडी माणसे वाहून गेली आणि म्हाळगी मात्र ठाण्यातून पुन्हा निवडून आले. विद्यमान माणसाची खरी परीक्षा ती. या गृहस्थांचा एक रिवाज होता. १९५७ साली ते मावळातून जनसंघाचे आमदार झाले तेव्हापासून वर्षभरात आपण काय केले याचा अहवाल ते मतदारांपुढे मांडीत. निवडणूक असो वा नसो. पतपेढीचा चिटणीस मांडतो तसा. या रिवाजाने त्यांना फार सुख दिले असे मात्र समजू नका. १९६२ ते १९६७ ते विधानसभेत नव्हते. पुढे पुण्यातून परत आले ते १९६७ आणि १९७२ असे दोनदा. १९८२ साली ते गेले. त्यांच्या नावाची प्रबोधिनी भाईंदरपलीकडे उत्तनला आहे; लोकप्रतिनिधींना तिथे कामाचे शिक्षण देतात. पक्ष कोणताही असो, अहवालाचा तो रिवाज उचलायला हरकत नव्हती. फारसा कोणी उचलला नाही.

दुसरे टोक पाहायचे तर मुंबईचे स. का. पाटील. मुंबईचे तीन वेळा महापौर, दक्षिण मुंबईतून १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदा लोकसभेवर, केंद्रात रेल्वेमंत्री, आणि मुंबईचे अनभिषिक्त राजे ही पदवी निराळीच. १९६७ साली त्यांच्याविरुद्ध छत्तीस वर्षांचा एक नगरसेवक उभा राहिला, जॉर्ज फर्नांडिस. तुमचा पराभव होऊ शकेल का असे पत्रकारांनी विचारले तेव्हा, मला प्रत्यक्ष देवसुद्धा हरवू शकणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी पाटील बोलून गेले म्हणतात. झाले! फर्नांडिसांच्या माणसांनी भिंती रंगवल्या: देव हरवू शकत नाही असे पाटील म्हणतात, पण तुम्ही हरवू शकता. आणि मुंबईकरांनी हरवले. माझे वडील तेव्हा गिरगावात राहत. आयुष्यात प्रथमच आपल्या मताला काही वजन आहे असे वाटले, असे ते पुढे अनेक वर्षे सांगत. पाटलांनी मुंबईसाठी काय केले आणि काय केले नाही, याचा हिशेब मात्र त्या सबंध प्रचारात मागे पडला असावा, हेही तेच सांगत. एका वाक्याने निवडणूक जिंकली, एका वाक्याने ती हरली.

भाऊबीजेच्या दिवशी सौ.ने एक कारस्थान केले. थोरल्याला आणि धाकट्याला, एकमेकांना न कळवता, तिने संध्याकाळी सातचीच वेळ दिली. थोरला आधी आला. धाकटा दारात आला, थोरल्याच्या चपला पाहून थबकला आणि परत फिरणार तोच सासूबाईंनी आतून हाक मारली, “कोण रे? ये, ये. पाट दोन मांडलेत.”

दोघे पाटावर शेजारी शेजारी बसले. मुलीने ओवाळले. दोघांनी तबकात ओवाळणी टाकली. पाहिले नाही असे दाखवून दोघांनीही दुसऱ्याची नोट पाहून घेतली. फराळाची ताटे आली. बोलणे काही होईना. थोरला चिवडा खात होता, धाकटा मोबाइल पाहत होता. तेव्हा सासूबाई फळीवरचा तो तेलकट गठ्ठा घेऊन बाहेर आल्या आणि दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसल्या.

“तुम्ही दोघांनी २०१९ला एकाच माणसासाठी मत मागितलं होतं. बरोबर?”

दोघांनी माना हलवल्या.

“मग मला एक सांगा. आपल्या आमदारानं पाच वर्षांत विधानसभेत कोणते प्रश्न विचारले?”

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने थोरल्याकडे. सहा महिन्यांत प्रथमच. थोरला म्हणाला, “आजी, काम भरपूर केलंय साहेबांनी, यादी आहे माझ्याकडं, उद्या आणून देतो.” सासूबाई म्हणाल्या, “ती कामांची. मी प्रश्नांची विचारते.” मग त्या धाकट्याकडे वळल्या, “आणि तुझा निवडून आला तर पहिला प्रश्न कोणता विचारणार?” धाकटा म्हणाला, “आजी, ते विचारून सांगतो.”

मी मध्ये पडलो. पोरांची बाजू घेण्यासारखी होती. सभागृहात कोणी काय विचारले, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, याची नोंद विधिमंडळ ठेवते, छापते. ती वाचायला मला कोणी बंदी केली होती? तीस वर्षे मी या गावात मतदार आहे आणि एवढ्या काळात एकदाही ती उघडून पाहिली नाही. नाक्यावरच्या खड्ड्याबद्दल मात्र वर्तमानपत्रांना चार पत्रे लिहिली. आमदारांनी प्रश्न विचारले असतील, चांगलेही विचारले असतील. त्यांच्यासाठी घरोघर फिरलेल्या पोरांना ते ठाऊक नव्हते आणि ज्यांच्यासाठी विचारले त्या मलाही नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, “बरं. फराळ घ्या. त्या रात्रीचं म्हणाल तर मी तुम्हा दोघांना विसरायची नाही. पण ती रात्र माझ्या जावयाला पुन्हा आठवून द्यायची नाही. त्याला झोप येत नाही.”

थोरल्याचे कान लाल झाले. धाकट्याने लाडू तोंडात घातला तो तसाच राहिला. बराच वेळाने थोरल्याने त्याला विचारले, “आईचं गुडघ्याचं काय झालं रे?” आणि धाकटा सांगू लागला.

मतदानाच्या दिवशी सासूबाई त्र्याऐंशीच्या. घरबसल्या मत देण्याची सोय पंच्याऐंशीच्या पुढच्यांना. म्हणजे सरकारी हिशेबाने त्या दोन वर्षांनी लहान. त्यांना खुर्चीवरून न्यायचे ठरले. सकाळी आठला दारात दोघेही हजर. धनुष्यबाण एका छातीवर, मशाल दुसऱ्या छातीवर, चाकांच्या खुर्चीचा एकेक दांडा एकेकाच्या हातात. आमच्या इमारतीतली माणसे गच्चीतून बघत होती. मतदान केंद्राच्या अलीकडे शंभर मीटरवर पांढरी रेघ आखलेली होती. तिच्या आत पक्षाचे चिन्ह चालत नाही. रेघेपाशी दोघे थांबले, बिल्ले काढून खिशात घातले आणि खुर्ची पुढे ढकलली.

सासूबाईंनी कोणाला मत दिले हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. मीही माझे सांगत नाही, सौ.ला सांगितले नाही, तर तुम्हाला कशाला सांगू? एवढे सांगतो, की यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा ती रुग्णवाहिका डोळ्यांपुढे आली होती. तिला जरा बाजूला उभी राहा म्हटले. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते म्हणतात. मला ती पुष्कळ वेळ दिसली.

निकाल लागला तो तुम्हाला वर सांगितलाच आहे. २३ तारखेच्या संध्याकाळी थोरला गुलालाने माखून पेढे घेऊन आला. धाकटा आठ दिवस दिसला नाही. मग आला तो गावठाणातल्या कोणा म्हातारीचे शिधापत्रिकेचे काम घेऊन, माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला. खाली त्याला स्कूटरवर घेऊन आलेला थोरलाच होता.

२०२५च्या दिवाळीची साफसफाई झाली तेव्हा सौ.ने २०२४ची पत्रके फळीवर अंथरायला काढली. सासूबाईंनी ती तिच्या हातून काढून घेतली. दोन्हींच्या कोपऱ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने तारीख घातली आहे आणि ती आपल्या पोथीच्या कापडात बांधून ठेवली आहेत. डब्यांखाली या खेपेला जुने वर्तमानपत्र घालावे लागले.